किती पाणी आलं?

माझ्या भाच्या जुळ्या, मथुरा आणि द्वारका. इतक्या सारख्या की त्यांच्या आईनं एकीच्या पायात काळा दोरा बांधला होता, आणि तो सुटला की घरात गोंधळ. त्या आठ वर्षांच्या असताना, आषाढात, नाल्याला पूर आला. माझा भाऊ मोतीराम यानं दोघींना शिडीनं घराच्या धाब्यावर चढवलं, बायकोला आणायला खाली उतरला, आणि आतली भिंत दोघांच्या अंगावर बसली. दोघंही गेली. पोरी पाणी ओसरेपर्यंत वर बसून होत्या.

तेरावं झालं आणि पोरींची वाटणी झाली. शेताच्या वाटणीत मी तोंड उघडलं नव्हतं, इथं मात्र भांडले. द्वारका डोणगावला गेली, मामाकडं, इंद्रभानकडं. मथुरा माझ्याकडं दुसरबीडला आली. मी विधवा, पोटी मूल नाही, घरात मी आणि एक म्हैस. मला पोरगी हवी होती, सरळ सांगते. भाऊ गेल्याच्या दुःखात सुद्धा आत कुठंतरी बरं वाटलं, त्याची लाज मला अजून वाटते.

मथुरा बोलायचीच नाही. जेवायची, भांडी घासायची, म्हशीला चारा टाकायची, पण तोंडातून शब्द नाही. आणि पाणी पडल्याचा आवाज झाला, नुसती घागर रांजणात ओतली तरी, हातातलं टाकून शिडीनं धाब्यावर. डावा कान दाबून, वेणीचं टोक चावत तासन्‌तास बसायची.

मग मी घराचं वळणच बदललं. घागर ओतणं बंद केलं. तांब्या-तांब्यानं रांजणाच्या कडेनं पाणी सोडायची. मोतीरामाचं नाव घेणं बंद. शेजारची रुखमाबाई एकदा पुराची गोष्ट काढून बसली, तर तिला तिथल्या तिथं उठवलं. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, आणि वर्षश्राद्ध झाल्यावरही मी ते सोडलं नाही. भादव्यात आळीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला दारात आल्या, तर म्हटलं, "आमच्या घरी दुखवटा हाय, पुढं जा." मथुरा दाराआडून बघत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटायचं. मी तिच्यावर मायाच करत होते.

गाव म्हणायचं, हे रक्तातच आहे. माझी आई तानाबाई लहान असताना गावाला आग लागली होती, तेव्हा ती सहा महिने मुकी झाली होती. जुन्या माणसांना ते ठाऊक होतं. "खाण तशी माती," रुखमाबाई म्हणाली. मला राग आला, पण हायसंही वाटलं. रक्तातच असेल तर माझ्याकडं दोष येत नव्हता.

त्याच आठवड्यात इंद्रभान आला. म्हणाला, "द्वारकी रोज भुलाबाईत गाते. इलेबी घेऊन चाला, चार दिवस बहिणी-बहिणी राहतीन."

मला पटेना. खाण एक, माती एक, मग एक गाते आणि एक मुकी कशी? म्हैस रुखमाबाईवर सोपवून मी पोरीला घेऊन एसटीत बसले ती खरं म्हणजे त्याचं खोटं उघडं पाडायला.

डोणगावचं घर म्हणजे बाजार. इंद्रभानची चार पोरं, द्वारका, आणि सगळ्यांवर इंद्रभानची आई अन्नपूर्णाबाई. कोणी रडतंय, कोणी मारतंय, कोणी गातंय. माझं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेनं विहिरीवरून आणलेली घागर धडाधडा रांजणात ओतली, आणि दोन्ही पोरी एकदम उठल्या. दोघी शिडीनं वर. दोघींनी डावा कान दाबला, दोघींनी वेणीचं टोक तोंडात धरलं. म्हणजे द्वारकाही बरी झाली नव्हती. भीती तेवढीच होती, तशीच होती.

पण तिच्यामागं इंद्रभानची चारही पोरं कालवा करत वर चढली. अन्नपूर्णाबाई अंबाडीची भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं हाक दिली, "किती पानी आलं वं, द्वारके?"

"कंबरेइतकं!"

"बाप कुठं हाय?"

"खाली गेला, मायले आनाले."

मी तोंडावर पदर धरला. अशी विचारते? लेकराला? ही बाई माणूस आहे की कोण?

"आता किती हाय?"

"गुडघ्याइतकं."

"अन् आता?"

"ओसरलं."

"मंग उतर, भाजी निवडू लाग."

आणि द्वारका उतरली. डोळे पुसत, पण उतरली. येऊन भाजी निवडायला बसली.

मथुरा वरच होती. अन्नपूर्णाबाई उठली, गुडघे धरत शिडीपाशी गेली. "तुह्याकडं किती हाय, मथुरे?"

ती बोलत नाही, असं मी सांगणार होते. तेवढ्यात वरून आवाज आला. घोगरा, मी कधीच न ऐकल्यासारखा.

"गळ्याइतकं."

चौदा महिने! चौदा महिने पोरगी गळ्याइतक्या पाण्यात उभी होती, आणि मी खाली आवाज न करता तांब्यानं पाणी सोडत होते. एकदाही विचारलं नाही. मी गोठ्यात जाऊन रडले, तिथंही पोरं बघायला आलीच.

चौथ्या दिवशी मथुराचं पाणी छातीशी आलं. मी रोज शिडीखाली उभी राहून ऐकायची. माझ्या निघण्याच्या सकाळी अन्नपूर्णाबाई म्हणाली, "जनकाबाई, पोरीले इथंच ठेवता का?"

मी उसळले. "काऊन? मले माया नाही का?"

"माया हाय वं माय. पन तुमच्या घरात मानसं नाहीत."

मी एकटी तिच्यामागं धाब्यावर चढेन, खालून विचारेन, पण चार पोरांचा कालवा कुठून आणू? आणि खरं सांगायचं तर, 'बाप कुठं हाय' हे माझ्या तोंडून निघालंच नसतं.

मथुरा एसटीपर्यंत आली. माझी पिशवी तिनंच धरली होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीखाली येऊन म्हणाली, "पानी ओसरलं की येतो, आत्या." पुरानंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. मेहकरला गाडी बदलेपर्यंत मी ते मनात म्हणत होते.

घरी आले. म्हशीला पाणी दाखवलं. भरली घागर उचलली आणि रांजणात एकदम उपडी केली. आता आवाज कोणासाठी सांभाळायचा? सवयीनं शिडीकडं नजर गेली. शिडीवर कोणी नव्हतं.

मग मीच चढले. या वयात, लुगडं खोचून. धाब्यावर पोरीच्या बसण्यानं एक जागा गुळगुळीत झाली होती, तिथं बसले. खालून विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच विचारलं, "किती पानी आलं, जनके?"

"मोतीराम," मी म्हणाले. भावाचं नाव चौदा महिन्यांत पहिल्यांदा घेतलं. पुन्हा घेतलं. मग मोठ्यानं. माझा हात डाव्या कानावर कधी गेला ते मला कळलं नाही. खाली म्हैस हंबरत होती, धारेची वेळ टळून गेली होती, आणि मला उतरता येईना.