माझ्या पाठीवरचे वेढे

मी एक जुनी सहाण आहे. सहाण म्हणजे औषध उगाळायचा दगड, हे हल्ली सांगावं लागतं. मी तळहाताहून थोडी मोठी, गोल, तीन बुटक्या पायांची. मला घडवणाऱ्या पाथरवटाला पुढच्या कामाची घाई होती, म्हणून माझा तिसरा पाय जरा आखूड राहिला. सपाट फरशीवर ठेवलं की मी डुगडुगते. मित्रांनो, दगड म्हटलं की तुम्हाला वाटतं, हा ठेवला तिथे निवांत पडून राहणार. मी पडून राहते, पण निवांत मात्र कधीच नसते. माझा स्वभावच चुळबुळ्या आहे, त्याला काय करणार?

या घरात मी आले ती आत्याच्या जन्माच्या वेळी. तेव्हा ती अर्थातच कुणाची आत्या नव्हती, एक रडकं बाळ होती. पाठोपाठ तिचा धाकटा भाऊ आला. दोघांनीही आयुष्यातलं पहिलं वाकडं तोंड माझ्यामुळे केलं, याचा मला अभिमान आहे. माझ्यावर चार थेंब पाणी घ्यायचं, औषधाची काडी धरायची आणि गोल फिरवायची. एक फेरी म्हणजे एक वेढा. मोठी माणसं तोंडाने मोजत असत आणि मीही मनातल्या मनात मोजत असे. कुणी एक वेढा गाळला तर मला दिवसभर चैन पडत नसे.

मग मुलं मोठी झाली आणि माझी किंमत उतरली. आधी मला डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं. जी स्वतः धड उभी राहत नाही तिच्यावर कपाट! त्यानंतर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगठ्याला लागले की शिव्या मलाच. घासून घासून माझी पाठ आरशासारखी गुळगुळीत झाली होती. पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

त्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. माझं आणि तिचं तिथे जुळलं. दारातून जाताना ती मला पायाने एक गिरकी द्यायची, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

सातव्या वर्षी तिच्या फुप्फुसाला संसर्ग झाला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. त्या दिवसांत दारातून नुसती माणसं पळत होती. तिची आई बस चालवते. ती ड्यूटी संपवून गणवेशावरच दवाखान्यात जायची. तिचे बाबा चष्म्याच्या काचा घासतात. ते दुकानातून तिकडे, तिकडून दुकानात. आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने सरळ रजा टाकली. मला कुणी काही सांगत नव्हतं. दाराशी बसून मी फक्त चेहरे बघत होते आणि ते चेहरे बघवत नव्हते.

बाराव्या दिवशी भिंगरी घरी आली, बाबांच्या कडेवरून. तीन पायऱ्या तिला चढवल्या नाहीत. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. जाताना तिने मला गिरकी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वैद्यबाई आल्या. बुटक्याशा, भरभर बोलणाऱ्या, हातात त्यांच्याहून जड पिशवी. त्यांनी आधी दवाखान्याचे कागद वाचले, छातीचा फोटो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टरांच्या गोळ्यांचा एक दिवसही चुकवायचा नाही. मी त्यांच्या जागी आलेले नाही, मागोमाग आलेय. संसर्गाचं त्यांनी पाहिलं. आता हिची भूक आणि ताकद आपण आणायची. सहाण आहे का घरात?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बाबांनी मला दाराशीचं उचललं आणि घासून घासून धुतलं. वैद्यबाईंनी माझ्यावर पाणी घेतलं, स्वतः ज्येष्ठमध उगाळलं, मग पिंपळी, मग सुंठ. उतरलेलं औषध बोटावर घेऊन पाहिलं आणि आत्याला सांगितलं, "या सहाणेवर ज्येष्ठमधाचे नऊ, पिंपळीचे पाच, सुंठेचे तीन. मधातून, दिवसातून दोनदा. दर रविवारी वजन."

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पाठीवर कुणी मोजत होतं! माझा मुक्काम भिंगरीच्या पलंगाशेजारच्या तिवईवर हलला. आत्याने वेढ्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवले. ती प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई, कमीजास्त तिला खपत नाही. पहिल्या रविवारी वजन थोडं वाढलं, दुसऱ्या रविवारी आणखी थोडं. भिंगरी उशीला टेकून बसायला लागली, खिडकीपर्यंत चालायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्याही ठरल्या दिवशी पूर्ण झाल्या. "आत्याच्या हाताला गुण आहे," आई म्हणाली. आत्या नुसती हसली, पण दिवसभर गुणगुणत होती. गुण माझाही थोडा होता, पण असो.

आणि मग तो टाकीवाला आला.

पाट्याला टाकी लावणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. छिन्नी-हातोडीने तो गुळगुळीत झालेला दगड टोचून पुन्हा खरखरीत करतो. शेजारणीचा पाटा झाल्यावर आत्याची नजर माझ्यावर पडली. तिने माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. "किती बुळबुळीत झालीय ही! पोरीच्या औषधात कसर नको." आणि मला उचलून तिने त्याच्यासमोर ठेवलं.

त्या छिन्नीने दुखलं नाही, उलट अंग मोकळं झाल्यासारखं वाटलं. तरुणपणची पाठ परत मिळाली म्हणून मीसुद्धा खूश! माझ्याही डोक्यात आलं नाही, हे मी कबूल करते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने चिठ्ठी बघून बरोबर नऊ, पाच, तीन वेढे घेतले, आणि माझ्या पाठीवर काय उतरलं ते पाहून मला धस्स झालं. आधी कडेला पातळसं पाणी जमायचं. आज तिथे घट्ट गोळा होता. खरखरीत दगडावर एका वेढ्यात तिप्पट औषध उतरतं. आकडे तेच होते, पण औषध ते नव्हतं.

"बघ, किती छान उगाळलं गेलंय!" आत्या म्हणाली आणि तिने सगळं बोटाने निपटून भिंगरीच्या जिभेवर ठेवलं.

त्या दिवसापासून माझी जी घालमेल सुरू झाली, ती काय सांगू. भिंगरी म्हणाली, "तिखट लागतंय." आत्या म्हणाली, "औषध आहे, लाडू नाही." तिसऱ्या दिवशी पोटात आग पडायला लागली. चौथ्या दिवशी तिने ताट सरकवून दिलं. घशाला कोरड पडायची आणि ती कोरडं कोरडं खोकायची. खोकला ऐकला की घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून थबकायचा. रविवारी वजनाचा काटा मागे सरकला होता.

आत्या काट्याकडे बघत राहिली. मग चिठ्ठीकडे बघितलं. म्हणाली, "ताकद कमी पडतेय. पिंपळीचा एक वेढा वाढवते."

नको गं बाई, मी ओरडत होते. पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातंय? माझ्या हातात एकच होतं, माझा तो आखूड पाय. ती उगाळायला लागली की मी जमेल तितकी डुगडुगायचे. तिने काय करावं? माझ्या पायाखाली कागदाची घडी घातली. झालं, तेवढंही गेलं.

एकीचं मात्र लक्ष होतं. पडून राहिलेलं मूल सगळं बघत असतं. भिंगरी म्हणाली, "आत्या, पिंपळ्या लवकर संपतात हल्ली. आधी एक पिंपळी चार दिवस पुरायची. आता एका दिवसात संपते."

"तू नको तिकडे लक्ष देऊ. डोळे मीट बघू," आत्या म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी भिंगरीचा घोळणा फुटला. नाकातून रक्त आलं, उशीवर, फ्रॉकवर, आत्याच्या हातावर. भिंगरी खोकत होती आणि रक्त येत होतं, त्यामुळे ते नाकातलं की छातीतलं, ते कुणाला कळेना. आईने तिला पुढे झुकवून बसवलं, नाक चिमटीत धरलं आणि ती बाबांना म्हणाली, "रिक्षा आण. पळ." पाच मिनिटांत घर रिकामं झालं. चिठ्ठी भिंतीवर होती आणि मी तिवईवर, सकाळचं औषध पाठीवर घेऊन. ते वाळत गेलं. घड्याळाकडे बघवत नव्हतं. मी स्वतःला विचारत होते, की हे माझ्यामुळे झालं का? आणि उत्तर मला माहीत होतं.

दुपारी ते परत आले. डॉक्टरांनी छाती तपासली होती, पुन्हा फोटो काढला होता. फुप्फुसं चांगली होती. रक्त नाकातलंच होतं. "घरी काय देताय?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि सगळं ऐकून वैद्यबाईंशी बोलेपर्यंत ते बंद ठेवायला सांगितलं होतं. भिंगरी दमून झोपली.

बाबांचा राग मात्र जागा होता. "बास झाले हे उद्योग," ते म्हणाले आणि मला माळ्यावर टाकायला त्यांनी उचललं. तेवढ्यात त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला. जन्मभर काचा घासलेला अंगठा तो. ते जागच्या जागी थांबले. पुन्हा एकदा अंगठा फिरवला, मग खिडकीशी नेऊन मला तिरपं धरून पाहिलं.

"हिला टाकी कुणी लावली?"

मित्रांनो, आत्याला त्या क्षणी सगळं समजलं. मी तिचा चेहरा पाहत होते. टाकीवाला काही साक्ष द्यायला येणार नव्हता. 'लावली असेल कधीतरी' असं म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने पदराला हात पुसले आणि पुन्हा पुसले.

"मी लावून घेतली," ती म्हणाली. "नऊ दिवस झाले. वेढे तेवढेच ठेवले मी. नाही, तेवढेच नाही, पिंपळीचा एक वाढवलासुद्धा. वैद्यबाईंना विचारलं नाही. भिंगरी सांगत होती, पिंपळी लवकर संपते म्हणून. मी तिलाच गप्प केलं."

बाबांनी मला तिवईवर ठेवलं आणि ते वैद्यबाईंना घेऊन आले. आत्याने त्यांनाही सगळं तसंच सांगितलं, एक अक्षर न वगळता. वैद्यबाईंनी माझी पाठ चाचपली, भिंगरीची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला वेढे मोजायला शिकवले. किती औषध दिसायला हवं, ते दाखवायचं राहिलं. आता चार दिवस काही नको. साधं जेवण, भरपूर पाणी. डॉक्टरांशी मी स्वतः बोलते. मग बघू."

चार दिवसांनी, डॉक्टरांशी बोलून, त्या आल्या त्या एक इवलासा चमचा घेऊनच. नव्या पाठीवर उगाळून त्यांनी माप दाखवलं. ज्येष्ठमधाचे तीनच वेढे. पिंपळी आणि सुंठ बंद. पण आत्या पुढे येईना. "आजपासून वहिनी उगाळेल," ती दारातून म्हणाली. "मला नका सांगू. माझा हात नाही धजत."

मला वाटलं, आता मी पुन्हा दाराशी जाणार. खरंतर मला माझं काही वाटत नव्हतं. दारात उभी असलेली ती बाई आपल्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. तेच मला बघवत नव्हतं.

भिंगरी पलंगावर उठून बसली. "आई नको. आई पाणी जास्त घालते," ती म्हणाली. "आत्यानेच द्यायचं. मी मोजते ना. आणि चुकली तर मी ओरडेन, तेव्हा मला गप्प नाही करायचं. कबूल?"

आत्याने मान हलवली. ती आली, माझ्यावर चार थेंब पाणी घेतलं आणि काडी धरली. पहिल्याच वेढ्याला माझ्या पायाखालची घडी निसटली. "एक," भिंगरी मोठ्याने म्हणाली. "दोन. तीन. बास, आत्या, बास!" आत्या तिथेच थांबली. चमच्यात माप पाहिलं, तीन वेळा पाहिलं, आणि मग भिंगरीच्या जिभेवर ठेवलं. भिंगरीने तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मला भूक लागलीय."

आत्या स्वयंपाकघराकडे अशी धावली की पायातली एक चप्पल वाटेतच राहिली. मग आतून तिच्या रडण्याचा आवाज आला आणि त्याबरोबरच भांड्यांचाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना सांभाळा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या घरात काही बदललं, तर ते बोला. औषध बदललं, चमचा बदलला, दगडाची पाठ बदलली, तरी बोला. चुकलं असेल तर आत्यासारखं सांगून टाका. आणि कुणी ऐकलं नाही, तर भिंगरीसारखं एकदा सांगून गप्प बसू नका, पुन्हा सांगा. मी नऊ दिवस सगळं पाहिलं आणि मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला बोलता येतं.