आधी पुठ्ठा

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि तीही पुठ्ठ्याची! हसलात ना मित्रांनो? हसा. छोटूही असाच हसला होता.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ छोटू, दोघंही इंजिनीअर. गुडघे धरलेल्या माणसांना एकट्याने उठता येईल अशा खुर्च्यांचा कारखाना त्यांना काढायचा होता. पहिली खुर्ची त्यांच्या आईसाठी. छोटूला थेट लोखंड कापायची घाई. "पुठ्ठ्याशी खेळायला आपण काय लहान आहोत?" पण ताईने ऐकलं नाही. खोकी फाडून, थरावर थर चिकटवून तिने मला उभं केलं. उठताना वाट मोकळी व्हावी म्हणून माझा डावा हात बाजूला उघडायचा. तो एका खटक्यावर अडकवलेला होता.

आई माझ्यावर बसून बघणार होती, त्या सकाळी पेंटर कारखान्याची कोरी पाटी घेऊन दारात खोळंबला होता. "साहेब, नाव सांगा हो लवकर!" छोटूने एक भारदस्त नाव ठरवून ठेवलं होतं. आत लोखंड कापायचं यंत्रसुद्धा घरघरत होतं.

"आई, ऊठ बघू. दुखतंय का कुठे?" ताईने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? झकास आहे खुर्ची!"

पण मित्रांनो, मला खरं कळत होतं. तिचा गुडघा लटपटत होता. मुलांचा हिरमोड नको म्हणून ती हसत होती आणि सगळा भार माझ्या डाव्या हातावर टाकत होती. खटका सरकू लागला. ओरडावं तर तोंड नाही! माझे थर फाटले आणि मी जीव खाऊन कर्रकन वाजले.

"ताई, धर तिला!" छोटू ओरडला. हात उघडला, आई कलंडली, ती थेट ताईच्या मिठीत. माझा हात तेवढा मोडला.

छोटू मटकन खाली बसला. हाच खटका लोखंडी खुर्चीत असता, तर आवाजही न करता निसटला असता. "आई, सांगितलं का नाहीस गं?"

"इतक्या हौसेने केलीत रे..."

छोटूने उठून यंत्र बंद केलं. दारात जाऊन पेंटरला म्हणाला, "लिहा. आधी पुठ्ठा."

"अहो, हे काय कारखान्याचं नाव झालं?"

"झालं!"

तेव्हापासून इथली प्रत्येक वस्तू आधी पुठ्ठ्याची होते, वापरणाऱ्याच्या हातून मोडते आणि मगच लोखंडाची होते. मी मात्र माळ्यावर धूळ खात पडले. मित्रांनो, तुमच्या हातची पहिली वेडीवाकडी वस्तू अशी विसरू नका हं.

परवा एका नव्या कामगाराने मला भंगारात काढलं. आई आपल्या लोखंडी खुर्चीतून एकटीच उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हिला हात लावायचा नाही. ही माझ्याऐवजी मोडलीय."