तिला कळलं

त्या नवरा-बायकोच्या पुस्तकांत भाषांतर करणारं यंत्र नसे, आणि प्रकाशकाची तक्रार नेमकी तीच होती. "अहो, कानाला एक डबी लावा आणि मोकळे व्हा," तो म्हणायचा. "इतरांचे परग्रहवासी दुसऱ्या पानावर घडाघडा बोलायला लागतात. तुमची पाहुणी अर्धं पुस्तक झालं तरी नुसती गरम-गार होतेय."

पाहुणी म्हणजे त्यांच्या चौथ्या पुस्तकातली परग्रहवासी. एका पंपघरातल्या जुन्या टाकीत ती येऊन राहिली होती आणि अंगाच्या उष्णतेने बोलत होती. तिचं बोलणं समजून घेऊ पाहणारा माणूस म्हणजे तिथला पंपवाला. पंपवाल्याची बाजू नवरा लिहायचा, पाहुणीची बायको. पाहुणी का तापली, का निवली, हे बायकोला ठाऊक असे, पण ती ते नवऱ्याला सांगत नसे. पंपवाल्याला जेवढं कळेल तेवढंच त्याने लिहायचं, असा त्यांचा नियम होता. पुष्कळदा चुकीचंच कळायचं. पंप सुरू झाला की टाकीतलं पाणी गार पडायचं. पंपवाल्याने तो राग समजून पंप बंद ठेवला आणि अख्खी वस्ती हंडे घेऊन दारात आली. पुढच्या प्रकरणात उलगडलं, की गार पडणं म्हणजे झोप. पंपाच्या घरघरीने पाहुणीला छान झोप लागत होती. ही चूक नवऱ्याने खरोखरच केली होती. ते प्रकरण वाचताना बायको हसून हसून खुर्चीत वाकली होती.

पोटापाण्यासाठी नवरा लिफ्ट तपासायचा: दोर, ब्रेक, दारं, शेवटी सही. बायको एका मोठ्या रुग्णालयात दुभाषी होती. डॉक्टर आणि परभाषी रुग्ण यांच्या मधल्या स्टुलावर तिची जागा. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, जे बोललं गेलं नाही ते काही झालं तरी सांगायचं नाही, हा तिथला दंडक. एकदा एका रुग्णाच्या बायकोने तिचा हात घट्ट धरून विचारलं, "बरे होतील ना?" डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू." तिने सांगितलं, "प्रयत्न करू." त्या बाई मग तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिल्या, तिथे आणखी काही मिळेल म्हणून.

"डोळ्यांनी तरी हो म्हणायचंस," घरी हे ऐकून नवरा म्हणाला.

"डोळे माझे होते. डॉक्टरांचे नव्हते."

पुस्तक सोडलं तर त्यांचं बोलणं आटत गेलं होतं. भांडण नव्हतं, भांडायला बोलावं लागतं. दूध आणलंस का, किल्ली कुठंय, एवढ्यावर दिवस निभायचा. मग एके दिवशी भांडी आवरता आवरता तिने सांगितलं, की दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयातली जागा तिने स्वीकारली आहे. भाड्याची खोलीही बघून झाली होती.

"पुस्तक संपलं की जाईन."

"कायमची?"

"तसंच धर."

तो "बरं" म्हणाला आणि हातातली पुसलेली ताटली त्याने पुन्हा पुसली.

ती जायला नको होती त्याला. हे त्याच्या ताईला माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही माहीत होतं. ताईने फोनवरच त्याला फैलावर घेतलं.

"तिला सांगितलंस?"

"काय?"

"काय म्हणजे? जाऊ नको म्हणून! मुखदुर्बळा, इतकी वर्षं संसार केलास ना तिच्याशी?"

"तिने ठरवलंय, ताई."

"ठरवलंय, कारण तू मूग गिळून बसलायस. तिनेच विचारायचं आणि तिनेच उत्तर द्यायचं का?"

"सांगतो."

"कधी? गाडी सुटल्यावर?"

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्यात पाहुणी परत निघते. एरवी आठवड्यात हातावेगळं होणारं प्रकरण त्याने महिनाभर रेंगाळत ठेवलं. सकाळी टेबलापाशी बसायचा, पेन्सिलींना टोक काढायचा, आणि कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकलीय म्हणून बाहेर पडायचा. प्रकाशकाचे फोन वाढले. बायको घाई करत नव्हती; संध्याकाळी येऊन एकेक कपाट रिकामं करत होती. अखेर त्याने कागद तिच्यापुढे ठेवले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पेन्सिल घेऊन वाचायला बसली. तो समोर बसला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

'पंपवाल्याने तिच्या पाठीवर तळहात टेकला. "जाऊ नकोस," तो म्हणाला. तिला कळलं.'

पेन्सिल शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबली.

"हे कसं?"

"काय कसं?"

"तो म्हणाला, ठीक आहे. माणूस भिंतीशीही बोलतो. पण तिला कसं कळलं?"

"इतका काळ एकत्र काढलाय. सहवासाने कळतं."

"सहवासाने कळत असतं तर मला पगार कशाला देतात?" ती हसली. तो हसला नाही. ते तिने पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे कोण म्हणतंय?"

"कोण म्हणजे?"

"जाऊ नकोस. कोण म्हणतंय हे?"

तिचं निम्मं सामान तोवर खोक्यांत गेलं होतं. खोकी टेबलाला लागूनच रचली होती आणि तिचं कोपर त्यांतल्याच एकावर टेकलेलं होतं. उत्तर एका अक्षराचं होतं. ती थांबली होती, अगदी स्टुलावर बसल्यासारखी, दोन्ही हात मांडीवर घेऊन. तिच्याकडून काही मिळणार नव्हतं. बोलायचं त्यानेच होतं.

"पंपवाला," तो म्हणाला.

"नक्की?"

"मग आणखी कोण?"

मग तिने पेन्सिल उचलली.

"पंपवाला असेल तर नाही चालणार. कुणी कुणासाठी थांबतं, हे तिला माहीतच नाही. अख्ख्या पुस्तकात आपण ते कुठे दाखवलेलं नाही. आता शेवटच्या ओळीत कसं कळेल?"

"काढ मग."

"मी काढू?"

"पाहुणी तुझी आहे."

तिने दोन शब्दांवर रेघ मारली, थोडा विचार केला आणि खाली लिहिलं: 'पाहुणीची पाठ किंचित कोमट झाली. कुणीही काहीही बोललं तरी ती तशी व्हायची.' कागद तिने त्याच्याकडे सरकवला.

"हे जास्त चांगलं आहे," त्याने वाचून सांगितलं. ते खरोखरच जास्त चांगलं होतं.

शनिवारी तिचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला. "दाजी, एवढी पुस्तकं? माझ्या पाठीचा भुगा होणार," तो म्हणाला आणि मग, आपण कशासाठी आलोय हे आठवून, गप्प झाला. खोकी लिफ्टमध्ये नवऱ्यानेच रचली, वजन सारखं वाटून, आणि दार पायाने धरून ठेवलं. शेजारी उगाचच दोनदा जिन्यात येऊन गेला. घरातून निघताना बाईमाणूस "येते" म्हणतं. ती "निघते" म्हणाली.

"मुद्रितं आली की पाठवू तुला?"

"पाठव. फोनवर वाचू."

त्याने पाय काढला. दार सरळ, आवाज न करता मिटलं. ती लिफ्ट त्यानेच तपासलेली होती.

छपाईआधी तपासायची मुद्रितं आली. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने समोरच्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं आणि वाक्य बरोबर असलं की "पुढे" म्हणायचं, अशीच ते दर वेळी मुद्रितं तपासत. ती जेवणाच्या सुटीत नव्या रुग्णालयातल्या दुभाष्यांच्या खोलीत बसलेली असायची. मागे कपांचा आवाज यायचा, कुणी कुणाला हाका मारायचं. रोज थोडं थोडं करत ते शेवटच्या पानावर आले.

"पंपवाल्याने तिच्या पाठीवर तळहात टेकला, पूर्णविराम," त्याने वाचलं.

"पुढे."

"अवतरण सुरू. जाऊ नकोस."

पलीकडून "पुढे" आलं नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं. परत वाच."

"जाऊ नकोस."

"परत."

"जाऊ नकोस," तो म्हणाला. कागद त्याने टेबलावर ठेवला होता. तो कागदाकडे बघत नव्हता.

तिच्या मागे दार उघडलं. "मॅडम, तुमचा पेशंट आलाय," कुणीतरी म्हणालं. ती लगेच उठली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज यायला वेळ लागला.

"पुढे स्वल्पविराम आणि 'तो म्हणाला' आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"मग बरोबर आहे. पुढे."