गळ्यात रुतणारा दोरा

चेटकीण वासराच्या गळ्यातला दोरा अदृश्य हातांनी आवळते, हे आमच्या वस्तीवर सिद्ध झालं होतं. म्हणजे छगनबुवांनी तसं सांगितलं होतं.

बुवा प्रत्येक वासराला दोन बोटं सैल असा काळा दोरा बांधत. बरेचसे दोरे सैलच राहत. काही आठ-दहा दिवसांत गळ्यात रुतत, आणि ते वासरू मरे. पाच मेली. सहावं ज्ञानेश्वरच्या गोठ्यात धापा टाकत होतं. अख्खी वस्ती जमलेली. मी विज्ञानाचा पदवीधर. दोन पावलं मागेच उभा होतो.

"आवळनारी हितंच हाय!" बुवा घुमले. "वासरांना रोज भाकर चारती, ती रंगुबाई! दिवस मावळायच्या आत वस्तीभाईर गेली न्हाई, तर जनावरांनंतर लेकरांची पाळी!"

बायांनी लेकरं पदराखाली घेतली. वाल्मिकने दगड उचलला.

म्हातारी रंगुबाई म्हणाली, "आरं वाल्मिक, ल्हानपनी तू बी माझीच भाकर खाल्ली. मेलास व्हय?"

तेवढ्यात गुरांच्या डॉक्टर उझ्माबाई आल्या. महिन्यापूर्वी त्यांनी सगळ्या जनावरांचं रक्त तपासणीला नेलं होतं. त्यांनी सरळ कात्री काढून वासराचा दोरा कापला.

"दोरा कापला, आता डाक्टरबाई बी जानार," बुवा पुटपुटले.

"जाणार की. पाचच्या राहुरी एसटीनं."

शेजारच्या ठणठणीत वासराचा दोराही त्यांनी कापला आणि दोन्ही शेजारी धरले. लांबी सारखीच.

"दोरा आवळला नाही, गळा सुजलाय." त्यांनी सुजेवर अंगठा दाबला. कणकेत पडावा तसा खड्डा पडला. "हे पाणी. हृदय दमलं की साठतं. ज्ञानेश्वरभाऊ, याचा बाप कोण?"

"देवाला सोडलेला वळू. परसाद हाय!"

"आणि याच्या आईचा बाप?"

"त्योच की!" ज्ञानेश्वरची छाती फुगली. "दुसरा वळू आमी वस्तीत शिरू देत न्हाई."

"तिथंच घोळ आहे. वळूत एक जनुक बिघडलेला आहे. जोडीतला दुसरा चांगला आहे, म्हणून तो धडधाकट. त्याच्या काही लेकींचंही तसंच. पण लेकींवर पुन्हा तोच सोडला, की एखाद्या वासराला बिघाड दोन्हीकडून मिळतो. त्याचं हृदय टिकत नाही. रक्ताच्या तपासणीत हेच निघालंय."

वाल्मिकच्या हातून दगड गळला.

"वळूतच शिरली असंल चेटकीन," बुवा म्हणाले. या वेळी कुणी लेकरू झाकलं नाही.

भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटली. पण दगड उचलण्याआधी दोन दोरे शेजारी धरून बघायला काय हरकत आहे?

सहावं वासरू वाचलं नाही. वळू खच्ची केला, बाहेरून दुसरा आणला. पुढच्या वर्षी सतरा वासरं झाली, सतराही जगली. भाकर अजून रंगुबाईच चारते.