विसावं तोंड

पंच्याऐंशी साली घाटकोपरच्या भटवाडीत सुगंधाला सगळे 'तोंडवाली' म्हणत. म्हणणाऱ्यांना वाटे आपण चिडवतोय. ती मात्र मनातून खूश होई. नववीपर्यंत शिकलेली, दोन हंडे घेऊन टेकडी चढणारी ही बाई आता संशोधनात होती, आणि 'संशोधन' हा शब्द ती दिवसातून चारदा तरी वापरून घ्यायची.

संशोधन साधंच होतं. तोंडाच्या कॅन्सरआधी पुष्कळदा आत पांढरा चट्टा उठतो. तो दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही, आणि दुखू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. गोराईच्या डॉक्टर इव्हांचं म्हणणं, की तो शोधायला दरवेळी डॉक्टरच कशाला हवा? शिकवलं तर वस्तीतली बाईही बॅटरीच्या उजेडात ओळखेल. त्यांच्या इस्पितळातले वरिष्ठ हसले. मग ठरलं, की सुगंधाने वीस बायकांचा निकाल बंद पाकिटात ठेवायचा आणि डॉक्टरांनी तो न बघता तीच तोंडं तपासायची. अठरा जुळली तर आणखी तीस बायकांना शिकवून सगळी टेकडी तपासायची. नाहीतर बॅटरी परत आणि संशोधनाला कुलूप.

एकोणीस तोंडं पटापट झाली. विसावं घरातच होतं, पण ते उघडेना. सासू जानकी संख्या भरायला नाव देऊन मोकळी झाली होती; सुनेपुढे आ करायचं म्हटल्यावर मात्र तिचा पारा चढला.

"सुनेक दात दाखवतलंय? माका काय येड लागला?"

पण रोज सकाळी मोरीत जानकी खालचा ओठ खेचून मिश्री घासायची, आणि सुगंधा तांब्या घेऊन शेजारी उभी असायची. त्या ओठाच्या आत, डावीकडे, तिला नखाएवढं पांढरं दिसलं होतं. एकदा नव्हे, चार वेगवेगळ्या दिवशी. सांगू पाहिलं तर म्हातारीने हात झटकला. शेवटी सुगंधाने छातीवर दगड ठेवून कागदावर तेच लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

रविवारी डॉक्टर इव्हा आल्या. समाजमंदिरासमोर बायकांची रांग लागली. पहिल्या शेवंतीने ऐटीत आ केला आणि डॉक्टरांनी बॅटरी खाली घेतली. आत सगळं काळंकुट्ट! दुसरीचं तसंच, तिसरीचंही तसंच.

"शेवंते, हे काय गं?" सुगंधा ओरडली.

"मोठी डॉक्टरीण येणार, मग तोंड साफ नको? डबल मिश्री लावली!"

"अगं बये, वाट लावलीस ना!"

ज्या भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीने चट्टे उठतात, तीच दातांना फासून साऱ्याजणी नटूनथटून आल्या होत्या. डॉक्टर अशा हसल्या की अख्खी रांग हसू लागली. सुगंधाला कुठलं हसू? नळ जायला वीस मिनिटं होती. तिने पदर खोचला, हंडे भरून घेतले आणि एकेकीला चुळा भरायला लावल्या. नळाखालचं गटार काळं झालं तेव्हा कुठे तोंडं गुलाबी दिसू लागली.

एकोणीस तपासून झाल्यावर पाकीट फोडलं. शेवटची ओळ दुमडून ठेवून सुगंधा एकेक नाव वाचू लागली. डॉक्टर आपल्या कागदावर खुणा करत होत्या. सतरा जुळली, दोन चुकली; त्यातल्या एकीचं तर नुसतं चुन्याने पोळलं होतं.

"म्हणजे आता सगळं विसाव्यावर," डॉक्टर म्हणाल्या.

पायरीवर हाताची घडी घालून बसलेली जानकी उठली. "माझ्या सुनेक नापास करतत? कोण करता तो बघतंय!" असं म्हणत ती तरातरा येऊन स्टुलावर बसली आणि तिने भलामोठा आ केला.

आणि तेव्हा कुठे सुगंधाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निकाल जुळायचा तर चट्टा असायला हवा. महिनाभर ती पास होण्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती. आता डोळे मिटून तिने त्याच देवाला विनवलं, मला नापास कर.

डॉक्टरांनी ओठ खाली ओढला, बॅटरी जवळ नेली, बोटाने हलकेच चाचपलं. बराच वेळ गेला.

"खालचा ओठ. डावीकडे. चट्टा."

सुगंधाने दुमडलेली ओळ उलगडली. तेच होतं. रांगेतून एकच आरोळी उठली, शेवंतीने हंडा वाजवायला घेतला, आणि सुगंधा मटकन खाली बसून रडू लागली.

डॉक्टरांनी तिचा खांदा हलवला. "अगं वेडे, रडतेस काय? लहान आहे, मऊ आहे. तुकडा काढून तपासू, पण मला हा कॅन्सर वाटत नाही. आणखी दोन वर्षं कुणी बघितलं नसतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. मिश्री मात्र आजपासून बंद."

"पास झाली मां?" जानकीने विचारलं.

"झाली, आई," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या ओठात..."

"आयकलंय मी. कान शाबूत आसत माझे." तिने कनवटीची मिश्रीची डबी काढून डॉक्टरांच्या हातात कोंबली आणि मग सुनेला दंडाला धरून उठवलं. सगळी वस्ती बघत होती. जानकी पुन्हा स्टुलावर बसली.

"डॉक्टरणीन बघितल्यान. आता तू बघ. आणि बॅटरी सरळ धर गो बाय."

तिने तोंड उघडलं.