खुशालरावची साक्षीदार

“एसी वाढवू का?” गाडी चालवता चालवता खुशालराव ठेकेदारानं विचारलं.

“नोको, भाऊ.”

माया मागच्या सीटवर अंग चोरून बसली होती. अकोट कधीच मागं पडलं होतं. आज अकोल्याच्या कोर्टात तिची साक्ष होती, खुशालरावच्या बाजूनं.

“वकील एकच गोष्ट विचारन. सुभद्रा सकाळपासूनच बिमार होती का? तू हो म्हन. खोटं तं नाई ना थे?”

“नाई.”

“मंग झालं.”

खोटं नव्हतंच. गेल्या मे महिन्यात कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात खुशालरावच्या हाताखाली माया आणि सुभद्रा शेजारी शेजारी कापूस पसरत होत्या. सुभद्राचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुपारी ती ढिगावरच कोसळली. अंग चटका बसावा असं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिची मुलगी प्रणाली भरपाई मागायला कोर्टात गेली. यंत्रात हात सापडला, भिंत अंगावर पडली, असे दावे कोर्टात नेहमीचे. पण उन्हानं माणूस मेला तर तो कामावरचा अपघात धरायचा का, यावर आता सारं अडलं होतं. बाई आधीच आजारी होती, घरी असती तरी गेली असती, असं खुशालरावचं म्हणणं.

“पुढच्या साली तुले मुकादम करतो,” तो म्हणाला. “बायांवर ध्यान ठेवाले भरोशाचं मानूस पायजे.”

माया खिडकीबाहेर पाहू लागली. तिचा नवरा गेला तेव्हा याच माणसानं घरी येऊन तिला कामावर बोलावलं होतं. आताही तो आरशातून आपल्याकडे पाहतोय, हे तिला न बघताच कळत होतं.

कोर्टात प्रणाली समोरच्या बाकावर बसली होती. तिनं मायाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

खुशालरावच्या वकिलानं विचारलं, “सुभद्राबाई सकाळपासून आजारी होत्या?”

“होती.”

“कामावर येण्याआधीपासून?”

“हो. रस्त्यानंच म्हने, डोकं फुटून रायलं.”

वकील समाधानानं खाली बसला. खुशालरावनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. माया साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायला निघाली, तेवढ्यात प्रणालीची वकील उठली.

“थांबा, मायाबाई. तब्येत बरी नाही, हे त्यांनी कामावर कोणाला सांगितलं होतं?”

माया परत वळून उभी राहिली. लाकडी कठड्यावर तिची बोटं घट्ट झाली. हे कोणी विचारेल, असं गाडीत कोणी बोललं नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. “माहीत असेल ते सांगा.”

“भाऊले सांगतलं तिनं,” माया म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. “खुशालराव भाऊले. मी बाजूलेच उभी होती. थोडा वेळ सावलीत बसू द्या म्हने.”

“मग ते काय म्हणाले?”

“कापसाची गाडी खाली होऊ दे, मंग बस, म्हनले.”

“गाडी रिकामी झाली?”

“झाली. आमी केली. थे पडल्यावर.”

खुशालराव जमिनीकडे पाहत होता.

ती बाहेर आली तेव्हा त्याची गाडी निघून गेली होती. माया एसटी स्टँडकडे चालू लागली. मागून प्रणाली आली आणि तिच्या बरोबरीनं चालत राहिली. अकोटच्या बसमध्ये दोघी एकाच सीटवर बसल्या. अर्ध्या वाटेत प्रणालीनं विचारलं, “मावशी, आई आखरीले काही बोलली का?”

“पानी मांगलं,” माया म्हणाली. “मी पाजलं.”

दिवाळीनंतर निकाल लागला. आजार असला तरी त्या उन्हात काम करायला लावलं म्हणून जीव गेला, हा कामावरचाच अपघात, असं कोर्टानं धरलं.

त्या हंगामात मायाला जिनिंगवर कोणी बोलावलं नाही. ती शेतात तण काढायला, निंदणाला जाते. सकाळी बायांना जिनिंगवर नेणारा टेम्पो तिच्या घरापुढं सवयीनं हळू होतो, मग पुढं जातो. माया तोवर वावराच्या वाटेला लागलेली असते.