अंजनाच्या मुसळाला चांदी

मी अंजन बोलतोय. सध्या मुसळ आहे. त्याआधी मेळघाटाच्या पायथ्याशी झाड होतो. पाण्यात टाकलं तर तळ गाठणारं माझं लाकूड. अमरावतीच्या मुलखात माझ्या नावाचं अख्खं अंजनगाव आहे. काजळालाही लोक अंजनच म्हणतात. रोज डोळ्यांत घालतात. दिसत काही नाही.

मला तोडताना कुऱ्हाडी बोथटल्या. सुतारानं तासून, तोंडाला लोखंडी कडं चढवून मला वलगावच्या खुशालरावांकडे दिलं. त्यांच्या बायकोनं, माणिकबाईंनी, माझ्याकडून वर्षानुवर्षं हळद-मिरची कुटून घेतली. माझ्याकडे कुणी बघत नसे. बरं होतं.

मग सातासमुद्रापार अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढू लागले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. एवढी हलकी वस्तू, पण तिच्यावर माणसं काय फुगली! शेजाऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. खुशालरावांच्या बैलांना ती आधीच होती. घरात नटवायचं उरलं कोण? मी. मुलाचं लग्न ठरताच त्यांनी माझं लोखंडी कडं उपटून चांदीचं घातलं. लग्नाआधी घाणा भरतात तेव्हा सुवासिनी मुसळ धरून हळकुंडं नुसती टेचल्यासारखं करतात. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मिरवण्यापुरती चांदी पुरते.

सून आली मोर्शीची मनकर्णा. या घरची रीत अशी, की नव्या सुनेनं कुलदेवाच्या भंडाऱ्याची हळद चार बायांसमोर कुटायची. वाळलेलं हळकुंड म्हणजे दगडच. मनकर्णानं मला उचलून आपटलं, तशी चांदी चिरली आणि कडं उडून चुलतसासू दुर्गाबाईंच्या मांडीवर पडलं.

दुर्गाबाईंनी ते निखाऱ्यासारखं झटकलं. "देवाच्या कामात मुसळ फुटलं. पोरगी पांढऱ्या पायाची हाय."

मी फुटलो नव्हतो, पण मला विचारतो कोण? बायांचं कुजबुजत ठरलंही, की पोरीला आजच माहेरी पोचवावं. खुशालराव ओसरीवरच होते. ते कडं कुणाच्या हौसेचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी पान तोंडात टाकलं आणि गड्याला गाडी जुंपायला सांगितलं. एवढी फुगलेली छाती, पण आत सरकीएवढंही काही निघालं नाही.

आता ही रडणार, म्हणून बाया वाट बघत होत्या. मनकर्णानं पदर खोचला.

"आत्याबाई, गाडी जुंपेपर्यंत हळद होऊ द्या. देवाचं काम अर्धं नोको," ती सासूला म्हणाली. "आन् ते चांदी उचलून ठेवा. नाजूक हाय, तिले काम सोसत नाई."

उघड्या तोंडानं मी तिच्या हातांबरोबर उखळात उतरत राहिलो. हळद पिठासारखी झाली. माणिकबाईंनी उखळात बोट बुडवलं आणि सुनेच्या कपाळाला लावलं.

"बैल सोडा म्हना," त्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माही सून कुठीच जात नाई. ज्याईनं मुसळाले चांदी घातली, त्याईले बसवा गाडीत."

बैल सुटले. खुशालराव गावभर सोनाराला लबाड म्हणत हिंडतात. माझ्या तोंडाला अजून लोखंड नाही. घालायचं तर त्यांना चूक कबूल करावी लागेल ना! मी झिजतो आहे, पण कामावर आहे.

तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल, तर त्याला नटवू नका. आणि काही तुटलंच, तर घरात सगळ्यांत नवी कोण, ते आधी शोधू नका.

आता सरा बाजूला. मनकर्णा मिरच्या घेऊन आली आहे. आम्हाला कामं आहेत.